अध्यक्षांचा आवाज

९ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. तुझा राघू परवा सात मिनिटं मंत्री होता. घाबरू नकोस, लगेच उतरला.

झालं असं. दोन आठवड्यांपूर्वी आमच्या दुकानाच्या नव्या मजल्याचं उद्घाटन करायला वाहतूकमंत्री आले. दुकानात लिफ्ट चालवणारा मी एकटाच, तेव्हा तळापासून पाचव्या मजल्यापर्यंत त्यांना मीच नेलं. जेमतेम पाऊण मिनिट. तेवढ्यात ते तीन वाक्यं बोलले. ‘लिफ्ट हळू आहे.’ ‘हळू असलेलीच बरी.’ आणि दार उघडताना, ‘लोक आलेत का?’ त्यांची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही, आवाज तेवढा दिसला. आवाज दिसतो हे तुला सांगायला नको. तू दिवसभर टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर बसून दुसरं काय करतेस? तर हा आवाज पोटातून येत नाही आणि छातीतूनही नाही. तो मानेच्या मागून येतो, जसं काही मागच्या खोलीत बसलेलं कोणी यांच्या तोंडून बोलतंय. आणि वाक्यातला शेवटचा शब्द ते टाकत नाहीत, ठेवतात. टेबलावर पेला ठेवावा तसा.

रविवारी दुपारच्या प्रयोगात दुसऱ्या अंकाआधी पडदा अडकला. (मी त्या नाटकात निरोप आणणारा नोकर. वाक्यं दोन.) व्यवस्थापक म्हणाले, ‘कोणीतरी पुढे जा आणि वेळ काढा.’ सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मी गेलो. मंत्र्यांच्या आवाजात खुलासा केला की पडदा अडकलेला नाही, तो विचारपूर्वक थांबलेला आहे. मागच्या सरकारच्या काळात पडदे भराभर उघडायचे, पण आत काही नसायचं.

आधी लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग हसू आलं, ते समोरून नाही तर खालून आल्यासारखं. पायाखालच्या फळ्या थरथरल्या. दाराशी बसणारे म्हातारे दारवान मात्र हसत नव्हते, ते उठून ताठ उभे होते. नंतर ओशाळून म्हणाले, ‘काय करणार, अंगवळणी पडलंय. असा आवाज आला की उठायचं.’

ताई, हसण्याने मी हरखलो, पण झोप उडवली ती त्या उभं राहण्याने. माझ्या गळ्यात असं काय आहे की म्हातारा माणूस खुर्ची सोडतो?

भाऊजींना नमस्कार.

तुझा
राघू

१७ फेब्रुवारी

चि. राघूस,

अनेक आशीर्वाद. पत्र मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. तुला माहीतच आहे, कंपोझिटर माणूस. दिवसभर प्रेसमध्ये छपाईचे खिळे जुळवून आल्यावर घरी अक्षराकडे बघायला तयार नसतात. पण ‘पडदा विचारपूर्वक थांबलेला आहे’ यावर जेवताना एकटेच हसत होते, आणि ठसका लागला तेव्हा मी पाठीवर थोपटलं.

तू सहा वर्षांचा असताना शेजारच्या खाष्ट काकूंच्या आवाजात खिडकीखालून ओरडला होतास, ‘अहो, तुमचं दूध उतू गेलं.’ आई हातातलं टाकून धावली. दूध चुलीवर नव्हतंच. मला वाटलं आता तुला मार बसणार. पण आई पायरीवर बसून राहिली आणि म्हणाली, ‘मला खरंच तिचीच भीती वाटली गं.’ त्या दिवशी मला कळलं की तुझ्यात असं काहीतरी आहे, जे आपल्या घरात आधी कोणाकडे नव्हतं.

आता माझं ऐक. अकरा वर्षं मी बोर्डावर आहे. माणूस नाव खोटं सांगतो, पत्ता खोटा सांगतो, पण ‘हॅलो’ काही खोटं म्हणता येत नाही. आजवर मला असं वाटायचं. तुला ते येतं. म्हणून जपून राहा, आणि दुकानातली नोकरी इतक्यात सोडू नकोस.

ताई

आठ वर्षांनंतर, १४ ऑक्टोबर

ती. ताईस,

नोकरी सोडून सात वर्षं झाली तरी तुझ्या प्रत्येक पत्रात तिची चौकशी असते. लिफ्ट आता आपोआप चालते, ताई. मी परत गेलो तरी मला घेणार नाहीत.

एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. तुला ठाऊक आहे, रेडिओवर माझा शनिवारचा कार्यक्रम होता तोवर मी अर्थमंत्री, विरोधी पक्षनेते, सेनापती, सगळ्यांना बोलतं केलं. मग आमचे वाहतूकमंत्री देशाचे अध्यक्ष झाले आणि महिनाभरात कार्यक्रम ‘विश्रांतीसाठी’ थांबला. तेव्हापासून मी, एक खुर्ची आणि दोन तास, एवढ्यावर हॉल भरतोय. काल तीनशे बारावा प्रयोग होता. तिसऱ्या रांगेत चार माणसं येऊन बसली आणि मधला पाचवा माणूस ते स्वतः होते.

विंगेत पळावंसं वाटलं, खोटं सांगत नाही. पण एकदा आवाज लावला की पाय माझे राहत नाहीत, त्यांचे होतात. मी सगळं केलं. ते वचनाचं भाषणसुद्धा: ‘मी जे वचन दिलं होतं ते वचनच होतं, आणि वचन हे वचनच राहील, याचं मी वचन देतो.’ हॉल आधी त्यांच्याकडे बघायचा, मग हसायचा. ते हसले नाहीत. पण मी वरून पाहिलं, वचनाच्या भाषणाला त्यांचे ओठ हलत होते. माझ्याबरोबर. अगदी बरोबरीने.

संपल्यावर ते आत आले. रंगाच्या डब्या, माझे दोन कोट, एकच स्टूल. ते उभेच राहिले.

‘अभ्यास चांगला आहे,’ म्हणाले. ‘पण माझा उजवा खांदा खाली असतो. तुम्ही डावा पाडता.’

मी म्हटलं, ‘साहेब, समोरून बघणाऱ्याला तो डावीकडेच दिसतो. मी लोकांना दिसतो तो अध्यक्ष करतो.’

त्यांनी थोडा विचार केला. ‘ठीक आहे,’ म्हणाले, आणि तो शब्द असा खाली ठेवला की मला वाटलं, आठ वर्षं मी नुसता नाद करतोय, पेला यांच्याच हातात आहे.

ते गेल्यावर मी स्टुलावर बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही. ज्याची टर उडवतो त्याच्यापुढे मान झुकावी, हे बरं की वाईट, तूच सांग.

राघू

२ नोव्हेंबर

राघू,

आज आशीर्वाद लिहिण्याइतकी मी थाऱ्यावर नाही.

मंगळवारी सकाळी प्रेसला सील लागलं आणि यांना घेऊन गेले. तुझ्या प्रयोगातलं ते वचनाचं भाषण कोणीतरी पत्रक म्हणून छापायला आणलं होतं. यांनी स्वतः जुळवलं. तुझं म्हणून हौसेने, वेलबुट्टीची चौकट लावून. वर तुझं नाव मोठ्या टायपात, आणि अगदी खाली, नियमाप्रमाणे, प्रेसचं नाव बारीक. पोलिसांनी बारीक अक्षर आधी वाचलं.

मी ठाण्यावर गेले. विचारलं, ज्याने हे लिहिलं आणि जो रोज स्टेजवर उभा राहून बोलतो, त्याचं काय? अधिकारी म्हणाला, ‘बाई, त्यांचा प्रयोग साहेबांनी स्वतः पाहिलाय. त्यांना कोण हात लावणार?’

म्हणजे बोलणारा बाहेर आणि खिळे जुळवणारा आत. तू मला विचारलं होतंस मान झुकावी का. तुझी झुकली, इकडे यांची वाकवली.

तुझ्यावर राग धरू की नको, हे ठरवायलाही मला वेळ नाही. उद्या बोर्डावर सकाळची पाळी आहे.

ताई

२० नोव्हेंबर

ती. ताईस,

पाच कचेऱ्या झाल्या. अध्यक्षांना पत्र टाकलं, पोचसुद्धा नाही. शेवटी ठाण्यावर जाऊन म्हटलं, भाषण माझं आहे, मला आत घ्या. त्यांनी चहा दिला. मग वरिष्ठ आले, म्हणाले, ‘आलाच आहात तर पोरांसाठी जरा साहेबांचा आवाज काढा.’ मी काढला नाही. ते नाराज झाले, पण अटक काही केली नाही.

तेव्हापासून प्रयोगाच्या सुरुवातीला पुढे येऊन माझ्या स्वतःच्या आवाजात सांगत होतो: ‘आता जे भाषण ऐकाल ते छापणारा माणूस तुरुंगात आहे आणि बोलणारा तुमच्यासमोर आहे. हे ध्यानात ठेवून हसा.’ चौथ्या दिवशी हॉल बंद झाला. आगीचे नियम पाळले नाहीत म्हणे.

माझ्याच आवाजात बोललो म्हणून बंद पडलो, ताई. त्यांच्या आवाजात बोलत होतो तोवर कोणाला काही वाटत नव्हतं.

राघू

पुढल्या वर्षी, ५ ऑक्टोबर

चि. राघू,

हे काल सुटले. अकरा महिने. दाराशी आले तेव्हा हेच ते, हे कळायला मला दोनदा पाहावं लागलं. तब्येत बरी आहे. बोलणं अगदी कमी. रेडिओ लावला की उठून दुसऱ्या खोलीत जातात. जुना प्रेस गेलाच, बांधणीच्या कारखान्यात पानं दुमडायचं काम मिळतंय.

तुझं नाव मी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही. पत्र मात्र टाकत जा. मी टेबलावर ठेवत जाईन.

ताई

अडीच वर्षांनंतर, १९ मे

ती. ताईस,

हॉल पुन्हा सुरू आहे, पण अध्यक्षांची नक्कल मी महिनाभर केलेली नाही. तीन महिने ते कोणाला दिसले नाहीत. ‘किरकोळ सर्दी’, ‘विश्रांती’, असं रोज छापून येतं. जो माणूस समोर नाही त्याची नक्कल करणं म्हणजे रिकाम्या खोलीत भांडण्यासारखं.

सकाळी मी हल्ली वेगळ्याच कामाला जातो. एका माणसाला झटका आला आणि त्याची वाचा गेली. त्याच्यावर उपचार करणाऱ्या बाई आहेत (मी मनात त्यांना उच्चारबाई म्हणतो), त्यांना मदत करतो. जीभ कुठे टेकवायची, ओठ कसे मिटायचे, हे दाखवतो. माणूस कोण, ते सांगायचं नाही अशी शपथ घातली आहे, तेव्हा विचारू नकोस.

एवढंच सांगतो. इतकी वर्षं मी शब्दांची माकडं नाचवली. एक शब्द तोंडात जमायला किती ठिकाणची किती माणसं कामाला लागतात, जीभ, टाळू, दात, श्वास, हे मी आत्ता पाहतोय. तुझा विश्वास बसणार नाही, परवा एका ‘पा’साठी आम्ही तिघं सकाळभर घामाघूम झालो, तेव्हा कुठे तो आला.

राघू

१ जून

चि. राघू,

किती दिवसांनी तुझ्या पत्राने बरं वाटलं. हे काम चांगलं आहे. कोण का असेना तो माणूस.

आमच्याकडे एक आजोबा फोन मागायचे, असाच झटका आलेले. नंबर सांगायला त्यांना पाच मिनिटं लागायची. नव्या मुली तोडून टाकायच्या. मी थांबायचे. एकदा मी त्यांचा आकडा आधीच ओळखून म्हटला, तर ते रागावून फोन ठेवून गेले. म्हणून सांगते, तुझ्या माणसाच्या तोंडचा शब्द तू पुरा करू नकोस. कितीही वेळ लागो.

हे बरे आहेत. पत्र टेबलावर ठेवलं होतं, आज ते वेगळ्या घडीने ठेवलेलं सापडलं.

ताई

१२ डिसेंबर

राघू,

काल संध्याकाळी सहा वाजता अध्यक्षांचं भाषण झालं. एक्स्चेंजमध्ये सगळ्या जणी बोर्ड सोडून रेडिओभोवती उभ्या. ‘मी आजारी आहे. माझ्याकडून काम होत नाही. निवडणूक ठरल्या दिवशी होईल. मी उभा राहणार नाही.’ चार मिनिटं, आणि ती अडखळत. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझ्या नाही आलं. मी आवाज ओळखला. ‘मी’ म्हणायच्या आधी तो अर्धा श्वास, घेतलेला आणि अडवलेला, तो त्यांचा नव्हे. मंत्री असल्यापासून त्यांचं प्रत्येक भाषण मी ऐकलंय, त्यात तो कधीच नव्हता. तो तुझा आहे. तुझ्या प्रयोगात मी तो तीनदा ऐकलाय.

इथे सगळीकडे कुजबुज आहे की खरे अध्यक्ष केव्हाच गेले, आणि वारसाला खुर्ची मोकळी करून द्यायला कोणा नकलाकाराकडून हे वदवून घेतलं. लोकांना नाव नक्की माहीत नाही. मला माहीत आहे.

सकाळी जायचं तुझं काम ते हे का? वाचा गेलेला माणूस, आणि ‘पा’, आणि घाम? आणि मी वेडी तुला आजोबांची गोष्ट सांगत बसले. स्टेजवर केलंस ती थट्टा होती, लोक जाणून हसायचे. काल तू साऱ्या देशाला फसवलंस. ज्याने माझ्या माणसाचं एक वर्ष खाल्लं, त्याच्या घरच्यांसाठी.

यांनी काल रेडिओ लागल्यावर पहिल्यांदाच खोली सोडली नाही. शेवटपर्यंत बसले होते, शेजारणीने सांगितलं. काय वाटलं असेल त्यांना, याचा विचार कर.

मला पत्र लिहू नकोस.

ताई

१८ डिसेंबर

ती. ताईस,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितोय. मग हवं तर फाड. त्यांनी स्वतःच आजार सांगून टाकला, तेव्हा माझी शपथ सुटली.

तुझा कान बरोबर आहे आणि तुझा निकाल चुकला आहे. ते भाषण मी केलेलं नाही. ते त्यांनी केलं.

एप्रिलमध्ये उच्चारबाई थिएटरवर आल्या. म्हणाल्या, ‘त्यांना त्यांच्या जुन्या भाषणांच्या टेप ऐकवल्या तर तोंड फिरवतात. टेपला तोंड नसतं. मला अशी जीभ हवी जी हळू चालेल, पण त्यांच्याच रस्त्याने. तशी जीभ देशात एकच आहे.’ मी का गेलो ते खरं सांगतो. पडलेला माणूस बघायला गेलो. भाऊजींची शपथ, दुसरं काही मनात नव्हतं.

उंच खिडक्यांची खोली, लांब टेबल, त्यावर आरसा, मेणबत्ती, चमचा, पाण्याचा पेला. तोंडाची उजवी बाजू ओघळलेली. ज्याच्या एका वाक्याने गावंच्या गावं हलली, त्याला ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं. त्यांनी बोट दाखवलं, मी पेला उचलून दिला, तर बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. ‘मागू दे,’ म्हणाल्या. सतराव्या दिवशी ‘पा’ आलं. विसाव्या दिवशी ‘णी’. हजार माणसांच्या टाळ्या मी ऐकल्या आहेत, पण त्या ‘णी’नंतर बाईंनी पेला त्यांच्या हातात दिला, ती दाद सगळ्यांत मोठी. ते पाणी प्यायले आणि पुन्हा म्हणाले, ‘पाणी.’ तहान नव्हती. नुसतं म्हणायला.

ऑगस्टमध्ये एक दिवस बाई आल्या नव्हत्या. सरावाची वाक्यं मी निवडायची होती. मी म्हटलं, म्हणा: ‘मी एका कंपोझिटरला तुरुंगात टाकलं.’

ते बघत राहिले. ‘कोण?’ एवढा शब्द तेव्हा येत होता.

‘माझे मेहुणे. अकरा महिने.’

मला वाटलं आता घंटा वाजवून मला बाहेर काढतील. त्यांनी आरसा जवळ ओढला. ‘मी’ आलं. ‘एका’ आलं. ‘कंपोझिटर’ फुटून टेबलभर झाला. चार दिवस लागले, ताई. मला तू लिहिलेलं आठवत होतं, मी एकदाही शब्द पुरा केला नाही. चौथ्या दिवशी अख्खं वाक्य आलं. माफी मागितली का, तर नाही. तो शब्द त्यांच्याजवळ आजारापूर्वीही नव्हता. पण दुसऱ्या दिवशी मी आत गेलो, खुर्ची ओढली, आणि मी काही सांगायच्या आत ते वाक्य त्यांनी आपणहून म्हटलं. मग रोज. दिवसाचा पहिला सराव तोच.

नोव्हेंबरात पक्षाचे चिटणीस टाइप केलेलं भाषण आणि रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन आले. त्यात अध्यक्ष ठणठणीत होते आणि पुन्हा उभे राहणार होते. मला म्हणाले, ‘दहा मिनिटांचं काम आहे. रोज करता तेच.’

मी म्हटलं, ‘रोज लोकांना ठाऊक असतं की मी तो नाही. माझा सगळा धंदा तेवढ्या एका गोष्टीवर उभा आहे.’

‘हॉल पुन्हा बंद होऊ शकतो.’

‘होऊ दे. आगीचे नियम मला आता पाठ आहेत.’

तेव्हा टेबलाच्या पलीकडून आवाज आला, ‘नाही.’ आम्ही दोघं वळलो. त्यांनी डावा हात भाषणाच्या कागदावर ठेवला होता. ‘मी,’ म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, ‘बोलेन.’

त्या चार मिनिटांना पाच आठवडे लागले. वाक्यं त्यांची, क्रम त्यांचा. त्या संध्याकाळी माइकसमोर एका बाजूला बाई होत्या आणि दुसऱ्या बाजूला मी. माझे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते, आवाज नव्हता. ‘मी उभा राहणार नाही’ यातला ‘नाही’ त्यांनी खाली ठेवला, पूर्वीसारखा, आणि बाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

आता तो अर्धा श्वास. तो त्यांचा कधीच नव्हता. माझ्या विसाव्या की एकविसाव्या प्रयोगात मी ‘मी’च्या आधी वाक्य विसरलो, श्वास अडकला, लोक हसले, म्हणून मी तो ठेवून दिला. इतक्या वर्षांत सगळ्यांना तो अध्यक्षांचाच वाटायला लागला. शिकवताना माझ्या तोंडून तो आपसूक येत होता. बाईंच्या लक्षात आलं की त्यांना त्या अडवलेल्या श्वासावरूनच शब्द सुरू करता येतो, नाहीतर सुरूच होत नाही. माझ्या चुकीची काठी करून तो माणूस उभा राहिला, ताई. साऱ्या देशात ते एका तुझ्या कानाला कळलं.

मी त्यांची नक्कल बंद करतोय. कोणाचीच करणार नाही बहुतेक. शब्द कसा जन्मतो ते पाहिल्यावर उसना आणायची लाज वाटते.

भाऊजींना सांग किंवा सांगू नकोस, तू ठरव.

राघू

३ फेब्रुवारी

चि. राघूस,

हे पत्र मी लिहितोय. तुझ्या बहिणीने नव्हे. मला लिहायची सवय नाही, आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं जुळवली. चुका असतील त्या सांभाळून घे.

दीड महिना उत्तर गेलं नाही याचं कारण पत्र माझ्याकडे होतं. ती मोठ्याने वाचत होती. कंपोझिटरच्या वाक्यापाशी थांबली. मी म्हटलं, वाच. तिने वाचलं. मग पत्र मी मागून घेतलं. ती इथे बाजूलाच बसली आहे. ‘लिहू नकोस’ म्हटलेलं तिने मागे घेतलं आहे. माफी मागणार नाही म्हणते. तो शब्द आमच्या घरातही कमीच वापरात आहे.

एक गोष्ट मी तिलासुद्धा कधी सांगितली नव्हती, ती आज दोघांना एकदम सांगतो. आमच्या बराकीत चौतीस माणसं होती. त्यात एक गवंडी होता. त्याने तुझा प्रयोग पाहिला होता. रोज संध्याकाळी मोजणी झाली की तो उभा राहून तुझे अध्यक्ष करायचा. वाईट करायचा. आवाज त्याचा फाटका आणि खांदा कुठला पाडायचा ते त्याला आठवायचं नाही. तरी माणसं वाट बघायची. पहारेकरी दाराबाहेर रेंगाळायचे. एकदा तो तापाने पडला, तेव्हा त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाला, याला उभा करा, याने ते छापलंय.

मला ते भाषण पाठ होतं. तू बोललास तसं नाही, मी जुळवलं तसं, खिळा खिळा. मी उभा राहिलो. मी कधी चार माणसांत बोललेला माणूस नाही. ‘वचन हे वचनच राहील’ म्हटलं आणि बराक हसली. दारापलीकडचा पहारेकरीही हसला आणि मग खोकल्यासारखं करत निघून गेला. अकरा महिन्यांतली तेवढी पाच मिनिटं मी तुरुंगात नव्हतो. तू इतक्या लांबून काय केलंस ते तुला माहीत नव्हतं, म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर मी गप्प राहिलो, ते तुझ्यावरच्या रागाने नव्हे. मी सुटलो आणि गवंडी आत राहिला. तो अजून आत आहे. हे मला तोंडातून काढता येत नव्हतं. तुझ्या अध्यक्षांना एक वाक्य काढायला चार दिवस लागले, मला सव्वातीन वर्षं.

आता तुझं. तू बंद करतो म्हणालास. लाज वाटते म्हणालास. वाटू दे, वाटली पाहिजे. पण राघू, गेला तो माणूस गेला, खुर्ची गेलेली नाही. निवडणूक झाली, परवापासून तिच्यावर नवा माणूस बसला आहे. काल सकाळी तो रेडिओवर बोलला. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. जे टिपलं त्याची दोन पानं सोबत जोडली आहेत. वाचायला सोपं जावं म्हणून छापल्यासारखं लिहिलं आहे.

थोडक्यात सांगतो. ‘जनता’ म्हणताना ‘ज’ दोनदा येतो. वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू करतो, टाळ्यांना जागा ठेवत नाही, म्हणजे त्याला टाळ्यांची अजून खात्री नाही. ‘चौकशी’ हा शब्द सहा वेळा आला, आणि दर वेळी त्याचा आवाज मऊ झाला.

तिथे नीट लक्ष दे.

तुझे
भाऊजी